यीस्टचा सातबारा

मामांची दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. खायच्या द्राक्षांची नाही, वाईनच्या द्राक्षांची, शेनिन ब्लाँ. फेब्रुवारीत तोडणी लागली की मी एक दिवस रजा काढून तिकडे जातेच. यंदा माल उतरवून झाल्यावर वायनरीतल्या एका माणसानं आम्हाला आत नेलं आणि टाकीच्या नळाखाली ग्लास धरून थोडा आंबत असलेला रस काढून दाखवला. गढूळ, पिवळसर, आणि तळातून सारखे बुडबुडे वर येत होते. मामांनी ग्लास उजेडाकडे धरला.

"यात जे जिवंत आहे ते आत्ता या घडीला काय करतंय, हे तुम्हा मायक्रोबायोलॉजीवाल्यांना कळतं का गं?"

"कळतं मामा. पण सांगायला वेळ लागेल."

वेळ मिळाला तो परतताना. मार्चअखेर जवळ आली होती, सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं करायचं होतं, म्हणून मामांना सातबारा हवा होता. सेतू केंद्रावर ही रांग. रांगेतल्या बहुतेकांच्या हातात गट नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि बहुतेकांना एकाच कामासाठी उतारा हवा होता. तिथं उभी असताना मला मामांच्या प्रश्नाचं उत्तर समोरच दिसलं.

गावाचं मूळ दप्तर तलाठ्याकडे असतं. (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) ते दप्तर कोणी बँकेत घेऊन जात नाही. कर्ज घ्यायचं असेल, वाटणी करायची असेल, पाइपलाइन टाकायची असेल, तर ज्या गटाचं काम आहे तेवढ्याच गटाचा उतारा काढायचा आणि तो घेऊन पुढं जायचं. काम झालं की उतारा कुठंतरी पडून फाटतो. दप्तर जागच्या जागी राहतं.

पेशीत हेच चालतं. डीएनए हे मूळ दप्तर. यीस्टच्या पेशीत ते केंद्रकाच्या आत बंद असतं. त्यात प्रत्येक जनुक हा एकेक गट. पेशीला एखादं प्रथिन बनवायचं असेल, तर त्या जनुकाचा तेवढाच मजकूर आरएनएच्या रूपात उतरवून घेतला जातो. हा आरएनए केंद्रकातून बाहेर येतो आणि त्यावरचा मजकूर वाचून प्रथिन तयार होतं. उतरवून घेण्याच्या या क्रियेला शास्त्राच्या पुस्तकांत प्रतिलेखन म्हणतात. मला 'उतारा काढणं' जास्त आवडतं, कारण त्यात मूळ जागेवर राहतं ही गोष्ट आपोआप येते. एवढं मात्र लक्षात ठेवायचं की हा उतारा जशास तशी झेरॉक्स नसतो. डीएनएच्या एका धाग्यासमोर जोडीची अक्षरं लावत आरएनए घडतो, आणि डीएनएच्या मजकुरात (तो ए, टी, जी, सी या चार अक्षरांत असतो) जिथं टी असतं तिथं आरएनएत यू येतं.

आता समजा, तुम्हाला त्या गावात काय चाललंय हे जाणून घ्यायचं आहे, पण गावात जायची सोय नाही. फक्त आज कोणत्या गटाचे किती उतारे बाहेर पडले याची यादी तुम्हाला मिळते. तरी तुम्ही बरंच काही सांगू शकाल. सगळ्याच गटांचे उतारे थोडे थोडे निघाले, तर कर्जाचा हंगाम आहे. रस्त्याकडेच्या एका ओळीतल्याच गटांचे एकदम निघाले, तर रस्ता रुंद होणार किंवा जमीन संपादित होणार. एका गटाचे पाच-सहा निघाले, तर भावाभावांत काहीतरी सुरू आहे. यीस्टच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी केलं ते हेच. सगळ्या दप्तरातल्या सगळ्या गटांचे उतारे एकाच वेळी मोजले.

"आणि दप्तर केवढं?" मामांनी विचारलं.

वाईन, पाव, बिअर ज्यावर चालतात ते यीस्ट म्हणजे सॅक्रोमायसिस सेरेव्हिसी. पेशी साधारण पाच मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोनशे बसतील. तिच्यात १६ गुणसूत्रं आहेत, त्यांत मिळून सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं, आणि सुमारे सहा हजार जनुकं. माणसाच्या दप्तरात ३०० कोटी अक्षरं आहेत, पण प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजारच. म्हणजे यीस्टचं दप्तर छोटं असलं तरी दाटीनं भरलेलं आहे. ते पूर्ण वाचून झालं १९९६ साली. ज्यांच्या पेशीत केंद्रक असतं अशा सजीवांपैकी हे पूर्ण वाचलं गेलेलं पहिलं दप्तर.

पहिला मान यीस्टला मिळाला यात मला नवल वाटत नाही. ते निरुपद्रवी आहे, चांगलं खाद्य मिळालं तर दीड तासात दुप्पट होतं, आणि त्याचं हवं ते जनुक काढता किंवा बदलता येतं. शिवाय त्याच्या कितीतरी जनुकांची भावंडं आपल्या पेशींत आहेत. पेशीचं विभाजन कसं नियंत्रित होतं, पेशी स्वतःचाच टाकाऊ भाग कसा पचवते, आतला माल पिशव्यांत भरून योग्य जागी कसा पोचवते, या तिन्ही विषयांवरच्या नोबेलांमागे (२००१, २०१६, २०१३) यीस्टवरचं काम आहे. पावाच्या लादीतला जीव म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्यांना मी हे दरवेळी सांगते.

पण मजकूर वाचून झाला म्हणजे सगळं कळलं असं होत नाही. अख्ख्या गावाचं दप्तर पाठ केलंत, तरी आज कोणाची काय धावपळ आहे ते त्यात लिहिलेलं नसतं. तुमच्या यकृतातल्या आणि मेंदूतल्या पेशीत दप्तर एकच आहे. फरक पडतो तो कोणत्या गटांचे उतारे निघतात यानं. टाकीतलं यीस्ट पहिल्या दिवशी आणि दहाव्या दिवशी अगदी वेगळं वागतं, पण त्याच्या डीएनएतलं एक अक्षरही बदललेलं नसतं.

उतारा लिहिणारा लेखनिक म्हणजे आरएनए पॉलिमरेज दोन नावाचं यंत्र. बारा प्रथिनांचे भाग जुळून ते बनतं. ते कसं दिसतं आणि काम कसं करतं याचा अणूच्या पातळीवरचा नकाशा यीस्टमधूनच मिळाला, आणि त्यासाठी रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हा लेखनिक मिनिटाला साधारण दोन हजार अक्षरं लिहितो. वाटेल तिथं मात्र तो बसू शकत नाही. डीएनए पेशीत मोकळा पसरलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. एकेका गुंडाळीत सुमारे १४७ अक्षरं. आपल्याकडे जुनी दप्तरं लाल कापडात, बासनात बांधून ठेवत. बासन सोडल्याशिवाय आतलं पान दिसत नाही. यीस्टच्या बहुतेक जनुकांच्या सुरुवातीला मात्र थोडी जागा बासनाबाहेर, उघडी ठेवलेली सापडते. लेखनिक तिथं बसतो. त्याला तिथं बोलावणारी किंवा हाकलणारी दुसरी प्रथिनं असतात. साखर आहे की नाही, नत्र आहे की नाही, ऊन फार झालं का, याच्या खबरा तीच त्याच्यापर्यंत पोचवतात.

आता मोजणीकडे येऊ.

१९९७ साली स्टॅनफर्डमध्ये जोसेफ डेरिसी, विश्वनाथ अय्यर आणि पॅट्रिक ब्राउन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आज वर्गात तो शिकवताना मी अजूनही घाई करत नाही. त्यांनी काचेच्या पट्टीवर यीस्टच्या जवळजवळ प्रत्येक जनुकाचा एकेक ठिपका लावला. बारीक, रांगेत, सहा हजारांहून अधिक ठिपके. एका ठिपक्यावर एकाच जनुकाचा डीएनए. मग साखरेच्या द्रावणात यीस्ट वाढवलं, दर दोन तासांनी थोडं काढून घेतलं आणि त्यातले सगळे उतारे गोळा केले. आरएनए फार नाजूक असतो, म्हणून आधी त्याची डीएनएत उलट नक्कल करून घेतली. सुरुवातीच्या नमुन्याला हिरवा रंग, नंतरच्या नमुन्याला लाल. दोन्ही एकत्र करून त्या काचेवर सोडले. ज्याची जोडी जिथं जमते तिथं तो चिकटतो. धुऊन पाहिलं की ठिपके बोलायला लागतात. लाल ठिपका म्हणजे या जनुकाचे उतारे वाढले. हिरवा म्हणजे घटले. पिवळा म्हणजे होते तेवढेच आहेत.

साखर भरपूर होती तोवर काचेवर जवळजवळ सगळं पिवळं दिसत होतं. यीस्ट सुखात होतं, एकाच कामात गुंतलेलं. साखर संपत आली आणि काचेचा रंगच पालटला. सुमारे ७१० जनुकांचे उतारे दुपटीहून वाढले, सुमारे १,०३० जनुकांचे निम्म्याहून खाली गेले. का? यीस्टला साखर मिळाली की ते तिची दारू करून ठेवतं, हवा असली तरीसुद्धा. साखर संपली आणि हवा असली, की तीच दारू ते खायला लागतं. आख्खं घरच उलटं लावावं लागतं. साखर फोडणाऱ्या यंत्रांचे उतारे बंद, दारू जाळून शक्ती काढणाऱ्या यंत्रांचे सुरू, आणि वाढ मंदावली म्हणून प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्याचे उतारेही कमी.

या बदलातली एक जोडी मी मामांना नावानिशी सांगितली. एडीएच१ आणि एडीएच२. दोघांची प्रथिनं बरीच सारखी, पण पहिलं मुख्यतः दारू बनवायच्या कामाला, दुसरं ती परत वापरायच्या. साखर असेपर्यंत एडीएच२ चं पान जवळजवळ बंद असतं. साखर गेली की त्याचे उतारे शेकडो पटींनी वाढतात. मामांनी लगेच अडवलं. "मग माझ्या वाईनीतली दारू ते पिऊन का टाकत नाही?" प्रश्न बरोबर आहे. दारू जाळायला हवा लागते, आणि टाकीत हवा शिरू नये याची काळजी तर पहिल्या दिवसापासून घेतात. शिवाय तोवर दारू बारा-तेरा टक्क्यांवर पोचलेली असते, नत्र संपलेलं असतं, बरंच यीस्ट थकून तळाला बसलेलं असतं. प्रयोगशाळेतला चंबू आणि दिंडोरीची टाकी यांत हा फरक आहे, आणि चंबूतला निष्कर्ष उचलून टाकीला लावताना तो विसरून चालत नाही.

काचेच्या ठिपक्यांची एक अडचण होती. ठिपका ज्याचा लावला तेच दिसणार. दप्तरात ज्याला गट म्हणून नंबरच दिलेला नाही, अशा जमिनीचा उतारा कोणी काढला तर तो मोजणीत येणारच नाही. म्हणून पुढं कोऱ्या मनानं मोजायचं ठरलं. २००६ मध्ये जनुकांपुरते ठिपके न ठेवता सगळ्या जीनोमवर, म्हणजे अख्ख्या दप्तरावर, एकमेकांवर चढणाऱ्या कौलांसारखे ठिपके लावून नकाशा झाला. आणि २००८ मध्ये येल विद्यापीठातून उग्रप्पा नागलक्ष्मी आणि सहकाऱ्यांचं काम आलं. त्यांनी काच, ठिपके सगळं बाजूला ठेवलं आणि उतारेच थेट वाचले.

ही पद्धत आज सर्रास वापरतात, तिला आरएनए-सीक्वेन्सिंग म्हणतात. कल्पना करा, गावातले सगळे उतारे एका पोत्यात भरले आणि प्रत्येकाचे बारीक तुकडे केले. तेव्हाच्या यंत्रांना एका तुकड्यावरची जेमतेम तीस-पस्तीस अक्षरं वाचता येत. असे लाखो तुकडे. प्रत्येक तुकडा यंत्र वाचतं. मूळ दप्तर १९९६ पासून आपल्याकडे आहेच. मग संगणक प्रत्येक तुकडा घेऊन दप्तरात शोधतो की ही अक्षरं नेमकी कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत आहेत, आणि तिथं एक खूण करतो. लाखो खुणा झाल्या की १६ गुणसूत्रांवर डोंगर आणि दऱ्या उभ्या राहतात. डोंगर जिथं सुरू होतो तिथं उतारा सुरू होतो, जिथं उतरतो तिथं संपतो, आणि उंची सांगते की किती निघाले. संपूर्ण जीनोमवरच्या प्रतिलेखनाचा नकाशा म्हणजे हा डोंगरांचा नकाशा.

त्यात काय निघालं? यीस्टच्या जीनोमच्या ज्या भागात मजकूर पुन्हा पुन्हा येत नाही, त्यातला ७४.५ टक्के भाग उतरवला जात होता. जनुकांच्या ठरवलेल्या सीमा अनेक ठिकाणी चुकलेल्या होत्या, काही नव्यानं आखाव्या लागल्या. आणि दोन जनुकांमधली जी जागा आपण पडीक समजत होतो, तिचेही उतारे निघत होते. कधी एकाच गटाचा उतारा उलट्या बाजूनं.

हे पडीक जमिनीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खेचतं. काही उतारे तर लिहून होताहोताच पेशीतली एक यंत्रणा फाडून टाकते, इतक्या झटपट की मोजणीत ते दिसतच नाहीत. शास्त्रज्ञांनी मग फाडणारं यंत्रच अधू केलं. तेव्हा हे लपलेले उतारे साठले आणि दिसायला लागले. त्यातले कितीतरी नेहमीच्या जनुकांच्याच सुरुवातीच्या उघड्या जागेतून, पण विरुद्ध दिशेला निघत होते. जणू लेखनिक बसला की एक पान उजवीकडे लिहितो आणि एक डावीकडे.

हे सगळं कामाचं असतं का? घाईनं हो म्हणू नये असं माझं मत आहे. मोकळी जागा दिसली की लेखनिक बसतो, आणि पेशीला ते लगेच फाडणं परवडतं, एवढंच कारण पुष्कळ उताऱ्यांमागे असू शकेल. पण सगळेच टाकाऊ नाहीत हेही नक्की. एसईआर३ नावाचं जनुक सेरीन हे अमिनो आम्ल बनवण्याच्या कामात आहे. त्याच्या अगदी मागं एसआरजी१ नावाची जागा आहे, तिच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. बाहेर सेरीन भरपूर असलं की लेखनिक एसआरजी१ चा उतारा काढत काढत एसईआर३ च्या सुरुवातीच्या जागेवरून जातो. तो सारखा तिथून जात राहिला की दुसऱ्या कोणाला तिथं बैठक मारता येत नाही. एसईआर३ गप्प बसतं. इथं उताऱ्यावर काय लिहिलंय याला महत्त्वच नाही, उतारा काढण्याची क्रियाच चावीचं काम करते. २००४ मध्ये हे उघड झालं तेव्हा कितीतरी जणांनी आपल्या जुन्या निकालांकडे पुन्हा पाहिलं असेल.

एक फसगत मात्र समजून घ्यायला हवी. पेशीत एखाद्या जनुकाचे शंभर उतारे सापडले म्हणजे ते जोरात लिहिले जातायत असं नाही. पावसाळ्यात नाशिककर रोज पेपरात पाहतात, गंगापूर धरण किती टक्के. पातळी स्थिर आहे म्हणजे आवक नाही असं कोणी म्हणत नाही. आवक जोरात असेल आणि विसर्गही तेवढाच असेल. उताऱ्यांचंही तसंच. यीस्टमध्ये बहुतेक उताऱ्यांचं आयुष्य काही मिनिटांचं असतं. साधी आरएनए-सीक्वेन्सिंग फक्त पातळी सांगते. आवक मोजायची असेल तर लेखनिकाच्या हातातलाच, अर्धवट लिहिलेला उतारा पकडावा लागतो.

२०११ मध्ये स्टर्लिंग चर्चमन आणि जोनाथन वाइसमन यांनी तेच केलं. यीस्टच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये एका झटक्यात गोठवल्या. लेखनिकाच्या एका भागाला आधीच एक खूण जोडून ठेवली होती, त्या खुणेला धरून सगळे लेखनिक बाहेर ओढले, त्यांच्या हातातल्या अर्धवट उताऱ्यांसकट. उताऱ्याचं शेवटचं अक्षर कोणतं, एवढं वाचलं. ते अक्षर जिथलं, तिथं त्या क्षणी लेखनिकाचं पेन होतं. एका अक्षराइतका नेमका नकाशा मिळाला. त्यात दिसलं की लेखनिक एका वेगानं सरळ धावत नाही. तो जागोजागी अडतो, मागं सरकतो, पुन्हा पुढं जातो. मिनिटाला दोन हजार अक्षरं ही सरासरी झाली, वाटेत खड्डे भरपूर.

हे ऐकायला यंत्रांचं काम वाटतं, पण नमुना हातानंच घ्यावा लागतो आणि तिथंच सगळं बिघडतं. पेशीला थंडी लागली, चाळणीवर दोन मिनिटं जास्त राहिली, तरी ती घाबरून वेगळे उतारे काढायला लागते आणि तुम्ही टाकीचं नाही, तुमच्याच हाताळणीचं मोजमाप करता. म्हणून नमुना काढल्यापासून गोठेपर्यंत सेकंद मोजायचे. मग काचेच्या बारीक मण्यांबरोबर घुसळून यीस्टची जाड भिंत फोडायची, फिनॉलनं प्रथिनं काढायची, आणि पुढचं सगळं बर्फावर. आरएनए फाडणारी एन्झाइमं आपल्या बोटांवर, टेबलावर, घामात सगळीकडे असतात आणि उकळूनही सहज मरत नाहीत. आमच्या कॉलेजात एका एप्रिलमध्ये सहा नमुने तयार झाले होते. एका मुलीनं हातमोजा काढून झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावलं, बस. आरएनए विजेच्या जोरावर जेलीच्या थरातून सरकवला की तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात; तो चांगला असला की त्या जेलवर दोन स्वच्छ पट्टे दिसतात. आमच्या सहाव्या नमुन्याच्या जागी खाली नुसता धूर पसरला होता. ती रडवेली झाली. मी तिला तो जेलचा फोटो जपून ठेवायला सांगितला. आता तीच नव्या मुलांना तो दाखवते.

ते दोन पट्टेही आपल्याला हवे असलेले उतारे नसतात. पेशीतल्या आरएनएचा सुमारे ८० टक्के भाग प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा असतो, जनुकांचे संदेश घेऊन जाणारे उतारे पाच टक्क्यांच्या आसपास. सुदैवानं या उताऱ्यांच्या शेवटी ए, ए, ए अशी एकाच अक्षराची शेपटी असते. टी अक्षरांची माळ लावलेले मणी टाकले की शेपटीवाले उतारे त्यांना चिकटतात, बाकीचे धुऊन जातात.

मोजणीतही एक खोच आहे. यंत्र तुम्हाला एकूण तुकड्यांतला वाटा सांगतं. सगळ्याच जनुकांचे उतारे एकदम निम्मे झाले, तर प्रत्येकाचा वाटा तेवढाच राहणार आणि तुम्ही म्हणणार, काहीच बदललं नाही. यावर उपाय साधा आहे. नमुना घेतानाच दुसऱ्याच जातीच्या यीस्टच्या मोजून घेतलेल्या पेशी त्यात मिसळायच्या. त्यांचा वाटा वाढलेला दिसला की समजायचं, आपल्या यीस्टचे एकूण उतारेच घटलेत. तरीही उत्तर कोट्यवधी पेशींच्या सरासरीचंच असतं, हे विसरायचं नाही. टाकीतल्या निम्म्या पेशी जोमात आणि निम्म्या मेलेल्या असतील, तर सरासरी 'बरी आहे' एवढंच सांगेल.

एवढं ऐकून मामा म्हणाले, "मग याचा टाकीला काय उपयोग?"

उपयोग आहे, आणि तो त्यांच्या ओळखीच्या एका गोष्टीतून सांगता आला. द्राक्षाचा रस ताजा असतो तेव्हा साखर चोवीस ब्रिक्सच्या घरात, म्हणजे वजनानं साधारण चोवीस टक्के. एवढ्या साखरेत यीस्टमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी ग्लिसरॉल बनवून स्वतःला सावरते, आणि त्यासाठी लागणाऱ्या जीपीडी१ चे उतारे सुरुवातीलाच वाढतात. पुढं साखर घटत जाते, दारू वाढते, आणि सर्वांत आधी संपतं ते नत्र. नत्र संपलं की यीस्ट मिळेल तिथून ते ओढायची तयारी करतं. अमोनियाचं दार उघडणारं एमईपी२, अमिनो आम्लं आत घेणारं जीएपी१, अशी एरवी दडपलेली पानं उघडतात. त्यांचे उतारे दिसले म्हणजे यीस्ट उपाशी आहे. ही भूक वाढली तर टाकीतून कुजक्या अंड्यांचा वास यायला लागतो. यीस्ट सल्फेटचं सल्फाइड करत राहतं, पण ते ज्याला जोडायचं ते नत्राचं संयुग नसतं, म्हणून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो.

"मग वायनरीवाले काय टाकतात?"

"डीएपी."

मामा थांबलेच. "डीएपी? आपलं डीएपी?"

"तेच मीठ, डायअमोनियम फॉस्फेट. पण खाद्य दर्जाचं, खताच्या पोत्यातलं नाही."

आंबत असलेल्या द्राक्षरसात डीएपी टाकल्यावर काय होतं, याची जीनोमभरची मोजणी २००३ सालीच झाली आहे. पाचशेहून अधिक जनुकांच्या उताऱ्यांत बदल झाला. नत्र शोधणारी पानं मिटली, वाढीची उघडली. वेलीच्या मुळाशी ज्या नत्रासाठी मामा वर्षभर हिशेब करतात, त्याच नत्राचा हिशेब टाकीतली पाच मायक्रॉनची पेशी आपली शेकडो पानं उघडत-मिटत करत असते. हे ऐकल्यावर मामांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग त्यांचा नंबर आला आणि ते खिडकीशी गेले.

पुढच्या तोडणीला एका टाकीतून तीन नमुने घ्यायचं ठरलं आहे. रस चोवीस ब्रिक्सला असताना, बाराला आल्यावर, आणि दोनच्या खाली गेल्यावर. अख्ख्या जीनोमची मोजणी आमच्या प्रयोगशाळेत होणार नाही, पण जीपीडी१, जीएपी१, एमईपी२ आणि एडीएच२ या चौघांचे उतारे पीसीआरनं, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीनं, मोजता येतील. द्रव नायट्रोजनचा कॅन नाशिकहून गाडीत न्यावा लागेल, त्याची सोय झाली आहे. टाकीची परवानगी मामांनी विचारून ठेवली आहे.